भरल्या रुग्णालयातील उपासमार

रुग्णालयात माणूस रोगाने दगावतो, कधी औषधाअभावी दगावतो, हे समाजाला माहीत आहे. परंतु डॉक्टर, यंत्रे, औषधे आणि स्वयंपाकघर ही सारी हाताशी असताना तो तेथे उपाशीही राहतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णाची भूक मुकी असते. श्वासनलिकेत घातलेली नळी त्याला बोलू देत नाही, गुंगीचे औषध त्याला जागे राहू देत नाही. दाराबाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक रक्तदाब विचारतात, ऑक्सिजन विचारतात, आजचे बिल किती झाले तेही विचारतात. ‘आज याच्या पोटात किती गेले?’ हा घरोघरी आजाऱ्याच्या उशाशी विचारला जाणारा साधा प्रश्न तेथे विचारण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. या प्रश्नाचे खरे उत्तर ज्या एका व्यक्तीजवळ असते ती म्हणजे परिचारिका. आणि तिलाच आपल्या आरोग्यव्यवस्थेने पुरेसा वेळ, पुरेसा अधिकार आणि पुरेसे वेतन यांपैकी काहीही दिलेले नाही.

ही उपासमार नवी नाही. क्रिमियन युद्धातील अनुभवानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध केले, त्यात रुग्णाच्या अन्नाला दोन स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत. अन्नाची टंचाई नसतानाही, केवळ ते योग्य वेळी व योग्य रीतीने न दिल्यामुळे असंख्य रुग्ण खंगत जातात, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ लोटल्यावर, १९७४ साली, अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी पुन्हा तेच दाखवून दिले. रुग्णाची उंची व वजन न नोंदणे, दिवसचे दिवस सलाइन-ग्लुकोजवर ठेवणे, तपासण्यांसाठी जेवण रोखून धरणे या नित्याच्या रिवाजांनी रुग्णालयेच कुपोषण निर्माण करतात, असे त्यांचे म्हणणे होते. या कुपोषणाला त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच रुग्णालयाच्या कपाटात दडलेल्या सांगाड्याची उपमा दिली. त्यांनी सांगितलेल्या रिवाजांपैकी किती आज पूर्णपणे बंद झाले आहेत, याचा विचार प्रत्येक रुग्णालयाने प्रामाणिकपणे करावा.

सलाइनची बाटली लावली म्हणजे पोटाची सोय झाली, हा समज शहरात आणि खेड्यात सारखाच दृढ आहे. वस्तुतः निव्वळ मिठाच्या सलाइनमध्ये पोषण शून्य असते. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीतून शरीराला सुमारे १७० कॅलरी मिळतात, म्हणजे जेमतेम एका भाकरीएवढी ऊर्जा. साठ किलो वजनाच्या गंभीर रुग्णाला, दर किलोमागे २५ कॅलरी या प्रचलित हिशेबाने, आजाराचा पहिला आघात ओसरल्यावर दिवसाला १,५०० कॅलरी लागतात. शिवाय प्रथिने हवीत ती वेगळीच. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद पहिल्या दहा दिवसांतच सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही सारीच झीज अन्नाने भरून निघते असे नाही. पण स्नायू असे झडत असताना उपासाची भर पडली, तर व्हेंटिलेटरवरून सुटणे आणि घरी जाऊन आपल्या पायांवर उभे राहणे या दोन्ही गोष्टी रुग्णाला अधिकच कठीण होतात. म्हणूनच रक्ताभिसरण स्थिरावताच, पहिल्या २४ ते ४८ तासांत, नाकातून जठरात घातलेल्या नळीने अन्न सुरू करावे, अशी शिफारस अमेरिकेतील आणि युरोपातील तज्ज्ञमंडळे करीत आली आहेत. आपल्याकडे या नळीला राइल्स ट्यूब म्हणतात.

नळीने अन्न देणे म्हणजे सिरिंज लावून ओतणे, इतके सोपे काम नव्हे. नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेऊन नळी घालावी लागते. ती जठरातच पोहोचली आहे, फुप्फुसात नाही, याची खात्री करावी लागते. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत विश्वासार्ह नाही, म्हणून ब्रिटनमध्ये २००५ सालीच ती थांबवण्याची सूचना निघाली. क्ष-किरण चित्र, किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता खास कागदाने तपासणे, हेच भरवशाचे उपाय होत. चुकून फुप्फुसात गेलेले अन्न माणसाचा जीव घेते. यानंतर रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, अन्न सावकाश सोडणे, नंतर पाणी सोडून नळी साफ करणे, पोट फुगते आहे का, उलटी होते आहे का, जुलाब लागले आहेत का हे पाहणे, तोंडाची स्वच्छता राखणे, चिकटपट्टीखाली नाकाची त्वचा सोलली जात नाही ना हे बघणे आणि दिलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद करणे, ही सर्व कामे परिचारिकेची असतात.

या कामांना लागणाऱ्या वेळेचा हिशेब मांडून पाहावा. दर तीन तासांनी एकदा, म्हणजे दिवसातून आठ वेळा फीड द्यायचे आणि वरील सर्व कामांसह एका खेपेला वीस मिनिटे धरायची, तर एका रुग्णामागे दिवसाला १६० मिनिटे होतात. आठ तासांच्या पाळीत एका परिचारिकेकडे असे चार रुग्ण असले, तर तिच्या पाळीतील साडेतीन तासांहून अधिक वेळ केवळ अन्न देण्यातच जाईल. उरलेल्या वेळात औषधे, इंजेक्शने, कूस बदलणे, कफ ओढून काढणे, नोंदी, नातेवाइकांना उत्तरे आणि मध्येच कोणाचे हृदय थांबले तर धावपळ! साहजिकच काही तरी राहून जाते. व्हेंटिलेटर बिघडला की धोक्याची घंटा वाजते. राहून गेलेल्या फीडला घंटा नसते. म्हणून पहिली काटछाट अन्नावर होते, आणि ती कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही, तर वेळेच्या टंचाईमुळे होते. त्यात शस्त्रक्रियेसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाची पाळी संध्याकाळपर्यंत न येणे आणि शेवटी ती दुसऱ्या दिवसावर जाणे, स्कॅनसाठी फीड थांबवणे आणि नंतर ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश कोणी न देणे, हे प्रकार भर घालतात. बुडालेले जेवण कोणाच्याही खात्यावर मांडले जात नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. अधिक अन्न म्हणजे अधिक हित, असे विज्ञान आज म्हणत नाही. अमेरिकेत सुमारे एक हजार रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुप्फुसाच्या तीव्र इजेच्या रुग्णांना पहिले सहा दिवस अल्प अन्न दिले काय किंवा पूर्ण दिले काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२३ साली फ्रान्समधील तीन हजारांवर रुग्णांच्या प्रयोगात तर, सुरुवातीच्या दिवसांत कमी अन्न मिळालेले रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्याच्या स्थितीला काहीसे लवकर आले. शिवाय दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फरस झपाट्याने घसरून हृदय थांबू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांच्या बाबतीत हा प्रकार डॉक्टरांनी पाहिला होता, आणि ज्या देशात अनेक गरीब रुग्ण रुग्णालयात येण्याआधीच कुपोषित असतात, तेथे हा धोका विशेष आहे. परंतु या सर्वांचा निष्कर्ष कोणता? अन्न विसरले तरी चालते, हा निश्चितच नव्हे. विचारपूर्वक कमी दिलेले अन्न आणि वेळ नाही म्हणून राहून गेलेले अन्न या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. कोणाला, केव्हा, किती द्यायचे हा जर इतका नाजूक प्रश्न असेल, तर रुग्णाजवळ सतत राहून निरीक्षण करणाऱ्या जाणत्या माणसाची गरज कमी होत नाही, ती वाढते.

परिचारिकेच्या अधिकाराचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. दर तासाला अमुक मिलिलिटर, असा ठराविक आदेश देण्याची पद्धत सोडून कॅनडातील डॉ. डॅरेन हेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास एक वेगळी पद्धत योजली. चोवीस तासांचे एकूण प्रमाण ठरवून द्यायचे, आणि मध्ये खंड पडला तर उरलेल्या तासांत गती वाढवून ते भरून काढण्याचा निर्णय परिचारिकेवर सोपवायचा. पुढील चाचणीत रुग्णांना मिळणाऱ्या ऊर्जेत व प्रथिनांत वाढ दिसली. मृत्यू कमी झाले असा दावा मात्र त्यातून करता येत नाही. या पद्धतीत आखून दिलेले नियम होते, परिचारिकांचे शिक्षण होते आणि त्यांच्या निर्णयबुद्धीवर टाकलेला विश्वास होता. आपल्याकडे थांबलेले फीड पुन्हा सुरू करायला परिचारिकेने सकाळच्या राउंडची वाट पाहावी, अशी अपेक्षा असते. चोवीस तास रुग्णाजवळ असणाऱ्याला विचारायचे नाही आणि दहा मिनिटे येणाऱ्याने ठरवायचे, ही उतरंड वैद्यकशास्त्राने घालून दिलेली नाही. स्त्रीच्या श्रमाला आणि मलमूत्राशी संबंध येणाऱ्या कामाला हलके लेखणाऱ्या समाजाने ती रुग्णालयात आणून ठेवली आहे.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले, तर या उपासमारीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा करून दाखवले, की माणसे उपाशी मरतात ती नेहमी अन्नच नसल्यामुळे मरत नाहीत. अन्नावर हक्क सांगण्याचे साधन त्यांच्या हातून निसटल्यामुळे मरतात. अतिदक्षता विभागातील रुग्णाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. अन्न स्वयंपाकघरात आहे, डबा औषधांच्या दुकानात आहे, नळी नाकात आहे. अन्न आणि जठर यांच्यामध्ये केवळ परिचारिकेच्या वीस मिनिटांचे अंतर आहे. बेशुद्ध माणसाची अन्नावरील हक्कदारी म्हणजे ही वीस मिनिटे होत. ती कमी केली की त्याच्या तोंडचा घास काढला जातो.

आणि ही मिनिटे कमी करण्यात कोणाचा तरी फायदा असतो. खाजगी रुग्णालयाच्या बिलात औषधांचा, तपासण्यांचा, यंत्राचा तपशीलवार हिशेब असतो. शुश्रूषेचा आकार मात्र सामान्यतः दिवसागणिक ठोक लावला जातो. परिचारिकेकडे एक रुग्ण असो वा चार असोत, प्रत्येक रुग्ण तेवढाच आकार भरतो. म्हणजे तिच्यावर लादलेला प्रत्येक जादा रुग्ण हा मालकाचा निव्वळ नफा होय. कामाचे तास न वाढवता श्रमाची तीव्रता वाढवण्याचा हा जुनाच कारखानदारी मार्ग आहे. फरक इतकाच की येथे त्याची किंमत कामगाराबरोबर रुग्णही चुकवतो. सरकारी रुग्णालयात नफ्याचा प्रश्न नसतो, पण तेथे रिक्त पदे आणि कंत्राटी नेमणुका तेच काम करतात. दूध, अंडे, डाळ, पेज यांचे घरगुती मिश्रण स्वस्त आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ते ताजे, गाळलेले आणि मोजलेले हवे, आणि आपल्या हवेत ते दोन तासांपेक्षा अधिक उघड्यावर राहता कामा नये. हे पाहायला आहारतज्ज्ञ नसेल, स्वयंपाकघर दूर असेल आणि नातेवाइकांनी घरून आणलेल्या डब्यावर भागवायचे असेल, तर स्वस्त अन्नच महाग पडते.

असे असताना सरकार सरासरीचा आधार घेते. १९४६ च्या भोर समितीच्या काळी देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. आता हजार लोकांमागे सुमारे दोन आहेत, असे संसदेतील उत्तरांत सांगितले जाते. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत २७ कोटी माणसे रोजच्या तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हाही सरकारी बाजूने पंधरा आण्यांची सरासरीच पुढे करण्यात आली होती. सरासरीत पोट भरत नाही, हा त्या वादाचा धडा होता. परिचारिकांच्या नोंदवहीतील आकड्यात परदेशी गेलेल्या, संसारामुळे काम सोडलेल्या, वेतन परवडत नाही म्हणून अन्य व्यवसायात गेलेल्या अशा सर्वजणी असतात. प्रश्न आहे तो रात्री तीन वाजता, अमुक विभागात, किती खाटांमागे किती परिचारिका उभ्या आहेत हा.

याविषयीचे मापदंड नाहीत असेही नाही. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका, आणि शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव संख्या, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ते कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबाबत आदेश दिल्यावर नेमलेल्या समितीने, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकांइतके आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळने परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात मात्र २०२२ च्या मे-जूनमध्ये शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांना, खाजगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती नको, एवढ्यासाठी संपावर जावे लागले. त्याच परिचारिकांवर दोनच वर्षांपूर्वी, ३ मे २०२० रोजी, हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर उधळलेल्या फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या. सेवेचा गौरव करायचा आणि श्रमाचे मोल नाकारायचे, ही आपली जुनी रीत आहे.

गरीब देशाला हे परवडेल काय, असे विचारले जाते. पेन्सिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंडा एकेन व सहकाऱ्यांना असे आढळले, की परिचारिकेमागे वाढणाऱ्या प्रत्येक रुग्णागणिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी अधिक असते. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने लढून १९९९ साली किमान प्रमाणाचा कायदा करवून घेतला आणि २००४ पासून तो अमलात आला. श्रीमंत प्रांतातही मालकांनी ते आपण होऊन केले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. व्हेंटिलेटर विकत घेण्यासाठी ज्या राज्याच्या तिजोरीत पैसा निघतो, तिला त्या व्हेंटिलेटरजवळ उभे राहणाऱ्या माणसाचे वेतन परवडत नाही, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही.

परिचारिकांच्या हाती काम सोपवले तर काय घडू शकते, याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना हाताने मऊ अन्न भरवले आणि पुढे आजारपणानंतर नळीने दिले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. हे कोणत्याही यंत्राने केले नाही. मात्र ते परिचारिकांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगून थांबणे ही पळवाट ठरेल. एका सहकारिणीसाठी त्यांनी जे स्वेच्छेने केले, ते प्रत्येक अनोळखी रुग्णासाठी व्हायचे असेल, तर त्यासाठी पदे, पगार आणि अधिकार हवेत.

मागण्या साध्या आहेत. अतिदक्षता विभागातील एकास एक हे प्रमाण राज्याने कायद्याने बंधनकारक करावे, खाजगी रुग्णालयांची नोंदणी व नूतनीकरण त्याच्याशी जोडावे, आणि प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर असलेल्या परिचारिकांची संख्या विभागाच्या दारावर लावावी. शासकीय रुग्णालयांतील पदे कायमस्वरूपी भरावीत. नळीने अन्न देण्याचे लेखी नियम प्रत्येक विभागात असावेत आणि त्या नियमांच्या मर्यादेत फीड सुरू करण्याचा, थांबवण्याचा व भरून काढण्याचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकेला असावा. ठरलेले अन्न किती आणि प्रत्यक्ष दिलेले किती, हे दोन आकडे रक्तदाबाइतक्याच ठळकपणे केसपेपरवर यावेत आणि नातेवाइकांना रोज सांगितले जावेत.

समाजवादी चळवळीने आजवर भुकेचा प्रश्न शेतावर, रेशनच्या दुकानात आणि कारखान्याच्या दारात लढवला. रुग्णालयाच्या आतही तो आहे, हे आता ओळखले पाहिजे. परिचारिकांच्या मोर्चात रुग्णांचे नातेवाईक दिसत नाहीत आणि नातेवाइकांच्या संतापाचा पहिला फटका परिचारिकांनाच बसतो, ही आजची स्थिती मालकांना व सरकारला सोयीची आहे. ती बदलण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. त्याची सुरुवात दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला शिकवण्यापासून होऊ शकते: आज पोटात किती गेले, आणि कमी गेले असेल तर या पाळीत सिस्टर किती होत्या?